एक्सचेंजला जाणारी मुलं पाहुणी नसतात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या शिक्षणाच्या पानावर परदेशी शिक्षणाबद्दल बरंच येतं, कुठली युनिव्हर्सिटी, कुठली स्कॉलरशिप, व्हिसाच्या इंटरव्ह्यूला काय विचारतात वगैरे, आणि ते मी आवर्जून वाचते कारण कॉलेजमधून एका सेमिस्टरसाठी मी स्वतः एक्सचेंजवर, म्हणजे आपल्या डिग्रीचं एक सेमिस्टर परदेशी युनिव्हर्सिटीत करायला, जाऊन आलेय आणि तेव्हापासून दर वर्षी जाणारे ज्युनियर्स काही ना काही विचारायला फोन करत असतात. पण हे सगळं लिखाण विमानात बसेपर्यंतचं असतं. विमान उतरलं की पुढे काय, अनोळखी शहरात पहिला महिना कसा काढायचा, यावर कोणी फारसं लिहीत नाही आणि माझ्या मते एक्सचेंजचं सगळं बरंवाईट तिथेच ठरतं. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

माझं म्हणणं एवढंच आहे की एक्सचेंजला गेलेलं मूल पाहुणं नसतं. चार-पाच महिन्यांसाठी का होईना ते त्या गावचं रहिवासी असतं, त्याने तसंच राहायला हवं आणि आपणही त्याला तशी तयारी करून पाठवायला हवं. डिग्री करायला जातात त्यांच्या हातात दोन वर्षं असतात, सुरुवातीचे दोन महिने गोंधळात गेले तरी नंतर भरून काढता येतं. एक्सचेंजवाल्याचा एक महिना गेला की मुक्कामाचा चौथा-पाचवा हिस्सा गेला. आणि नेमकी हीच मुलं म्हणतात की थोडेच तर दिवस आहेत, कशाला एवढा खटाटोप. मग बॅग अर्धी उघडी तशीच कोपऱ्यात, लायब्ररीचं कार्ड काढलेलं नाही, जवळचा दवाखाना कुठे माहीत नाही, शेजारच्या खोलीतल्याचं नाव विचारलेलं नाही, आणि हे असं करता करता परतीचं तिकीट जवळ येतं. मी हे इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की आता कोणी फोन केला की पहिलं हेच सांगते की पोचलास की बॅग पूर्ण रिकामी कर आणि पलंगाखाली ढकलून दे.

आणि ही फक्त भावनेची गोष्ट नाहीये हो, कायदाही या मुलांना रहिवासीच समजतो. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या ऑफिसात जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते, त्याला तिथे आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक कागद लागतो जो बऱ्याच मुलांना आधी माहीतच नसतो. जपानमध्ये तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायला आलेल्याला नारिता, हानेदासारख्या मोठ्या एअरपोर्टवर उतरल्या उतरल्या रेसिडेन्स कार्ड हातात मिळतं, पण घर ठरल्यावर १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन त्या कार्डावर पत्ता चढवून घ्यायचा असतो, आणि तिथेच नॅशनल हेल्थ इन्शुरन्समध्ये नाव घालायचं असतं. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर पाच दिवसांत म्युनिसिपालिटीकडे नोंदणी. इटलीत पोचल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा असतो आणि त्याच्या फॉर्मांचा संच पोस्ट ऑफिसात मिळतो, म्हणजे पहिल्याच आठवड्यात पोस्ट ऑफिस शोधायचं आलं. अमेरिकेत जे-१ या एक्सचेंजच्या व्हिसावर असाल आणि खोली बदलली तर १० दिवसांत आपल्या प्रोग्रॅमच्या ऑफिसला कळवावं लागतं. स्वीडनचं वेगळंच आहे, तिथे एक वर्षापेक्षा कमी राहणाऱ्याला परसोननुमर हा त्यांचा ओळख क्रमांक मिळत नाही आणि बँकेपासून कित्येक ऑनलाइन कामांपर्यंत सगळं त्या नंबरावर चालतं, त्यामुळे एका सेमिस्टरसाठी गेलेल्याने तो नंबर नसतानाही चालेल अशी सोय, म्हणजे परदेशात चालणारं कार्ड वगैरे, आधीच करून जावं लागतं.

नियम बदलत राहतात, त्यामुळे निघण्याच्या आधी त्या शहराच्या आणि युनिव्हर्सिटीच्या अधिकृत साइटवर एकदा बघून घ्यावंच. पण मुद्दा हा की हे नियम टुरिस्टसाठी नाहीत, राहायला आलेल्यासाठी आहेत आणि त्यांचं घड्याळ तुम्ही उतरल्यापासून किंवा घरात शिरल्यापासून सुरू होतं. ज्युनियर्सना मी सांगते की पहिल्या दोन आठवड्यांत फिरायचं काही ठरवूच नका, सोमवार ते शुक्रवार सकाळचा वेळ या कामांसाठी मोकळा ठेवा कारण सरकारी ऑफिसं तेव्हाच उघडी असतात आणि अपॉइंटमेंट मिळेपर्यंतच दिवस जातात. शक्य असेल तर अपॉइंटमेंट निघायच्या आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा.

आता या सगळ्याच्या मुळाशी काय आहे तर पत्ता. पत्ता नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर बऱ्याच ठिकाणी बँक खातं नाही, खातं नाही तर भाडं, फोनचा प्लॅन, इन्शुरन्सचा हप्ता सगळं अडतं, आणि घरमालक मात्र म्हणतो आधी बँक खातं दाखव. एक्सचेंजवाल्याला घर मिळणं सगळ्यात अवघड, कारण घरमालकाला वर्ष-दोन वर्षं राहणारा भाडेकरू हवा असतो, पाच महिन्यांसाठी कोण देणार. म्हणून युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलचा फॉर्म ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी भरायचा, नॉमिनेशनचं, म्हणजे कॉलेजने आपलं नाव पाठवल्याचं, लेटर हातात पडायची वाट बघत बसायचं नाही. नेदरलँड्समध्ये तर मागे अशी वेळ आली की काही विद्यापीठांनीच परदेशी मुलांना सांगितलं, घर पक्कं झालं नसेल तर येऊ नका. एवढं स्पष्ट सांगणारं विद्यापीठ मला तरी प्रामाणिक वाटतं, बाकीचे अॅडमिशन देऊन मोकळे होतात.

आणि जिथे टंचाई तिथे फसवणूक. प्रकार जगभर एकच आहे, फोटो झकास, भाडं आजूबाजूच्यापेक्षा कमी, मालक म्हणतो मी सध्या दुसऱ्या देशात आहे, घर दाखवू शकत नाही पण डिपॉझिट पाठवलंस की किल्ली कुरिअर करतो. किल्ली येत नाही. वर विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या पासपोर्टचा फोटोही पाठवतात, तो बहुतेक वेळा आधी फसवलेल्या कोणाचा तरी असतो, त्यामुळे आपल्या पासपोर्टचा फोटो कोणालाही पाठवताना दहादा विचार करावा. माझा नियम साधा आहे, स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही. बघायला कोणीच नसेल तर पहिले दोन आठवडे हॉस्टेलच्या गेस्ट रूममध्ये नाहीतर साध्या लॉजमध्ये काढा आणि तिथे राहून शोधा. महाग पडतं खरं, पण डिपॉझिट बुडण्यापेक्षा परवडलं. फक्त लॉजच्या पत्त्यावर सगळीकडे नोंदणी होत नाही हे लक्षात ठेवा.

घर मिळालं की काम संपलं असंही नाही. आमच्या कॉलेजचा एक मुलगा जर्मनीत गेला होता, त्याला खोली मिळाली, नोंदणीही झाली, बँकेत अर्ज केला आणि कार्डाची वाट बघत बसला. कार्ड येईना. बँकेला फोन केला तर ते म्हणतात आम्ही पाठवलं होतं, परत आलं. झालं असं की तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतात, खाली पत्रांच्या पेट्या असतात आणि पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, आणि याच्या पेटीवर अजून आधीच्या भाडेकरूचं नाव. मग त्याच्या फ्लॅटमेटने वहीच्या कागदाची एक पट्टी कापली, त्यावर मोठ्या अक्षरात आडनाव लिहिलं आणि पारदर्शक टेप लावून पेटीवर आणि खालच्या बेलवर दोन्हीकडे चिकटवलं, दोन मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा कार्ड आलं आणि मग वेगळ्या पाकिटात पिन आला, कारण ही दोन्ही एकत्र पाठवत नाहीत. ही गोष्ट त्याला त्याच्या कॉलेजने, व्हिसावाल्यांनी, एजंटने कोणीच सांगितली नव्हती, आणि सांगणार तरी कोण, हे ठाऊक असतं ते तिथे राहून आलेल्यालाच. म्हणून मी म्हणते की आधी जाऊन आलेल्यांशी बोलल्याशिवाय कोणाला पाठवूच नये.

बँक आणि फोनचं थोडक्यात सांगते. आपला जुना नंबर चालू ठेवून त्यावर रोमिंगमध्ये मेसेज येतायत का हे निघायच्या आधी तपासा, कारण घरच्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो आणि तो आला नाही की स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही. युरोपात ज्यांना युरोचं खातं एका देशात मिळालंय आणि शिकायला दुसऱ्या देशात आहेत त्यांनी हेही माहीत करून घ्यावं की आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, सेपा या युरोच्या व्यवहारांच्या व्यवस्थेतल्या दुसऱ्या देशाचा आहे एवढ्याच कारणाने कंपनीने तो नाकारणं २०१२ च्या सेपा नियमात बसत नाही. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसतं, शांतपणे सांगितलं की बहुतेक वेळा काम होतं.

अभ्यासाबद्दल पण लिहायला हवं कारण मुलं तो गृहीत धरून चालतात. इरास्मस ही युरोपची विद्यार्थी एक्सचेंजची योजना १९८७ साली ११ देश आणि ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली, २०१५ पासून युरोपबाहेरच्या देशांशीही ती क्रेडिटची देवाणघेवाण करते, आणि तिथलं सगळं ईसीटीएस या युरोपभर चालणाऱ्या क्रेडिटच्या मोजमापावर चालतं. वर्षाचे ६०, म्हणजे सेमिस्टरचे ३०, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास काम धरलेलं असतं. गुणाकार करून बघा, एका सेमिस्टरला ७५० ते ९०० तास होतात. यातले वर्गातले तास थोडे असतात, बाकीचं वाचन, असाइनमेंट आणि ग्रुपचं काम आपलं आपण करायचं असतं आणि कोणी हजेरी घेऊन मागे लागत नाही. टाइमटेबल मोकळं दिसलं की मुलांना वाटतं अभ्यास कमी आहे, आणि शेवटच्या महिन्यात सगळं एकदम अंगावर येतं. दुसरं म्हणजे जे विषय घरी बसून निवडलेले असतात त्यातले एक-दोन तिथे गेल्यावर बंद निघतात, किंवा स्थानिक भाषेतच शिकवतात, किंवा दोघांची वेळ एकच येते. तेव्हा लर्निंग अॅग्रीमेंट, म्हणजे कुठले विषय घेणार याचा दोन्ही कॉलेजांशी झालेला करार, बदलायचं असतं आणि त्याला मुदत असते, दोन्हीकडच्या सह्या लागतात. इकडच्या प्रोफेसरांनी मेलला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले तर मुलाचे क्रेडिट जातात. कॉलेजांना माझी हात जोडून विनंती आहे की सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यात तरी या मेलला दोन दिवसांत उत्तर द्या.

आता माणसांबद्दल, आणि हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. जाणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी एक सल्ला देतंच की तिथे जाऊन आपल्याच लोकांत राहू नकोस, लोकल मित्र कर. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. १९७७ साली स्टीफन बॉक्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला होता, त्यात दिसलं की मुलांची वर्तुळं तीन असतात. आपल्या देशाची माणसं, तिथली स्थानिक माणसं आणि इतर देशांतून आलेले विद्यार्थी, आणि तिघांकडून वेगवेगळं मिळतं. आपल्या माणसांपाशी मन मोकळं करता येतं, आपल्या भाषेत रडता येतं. अभ्यासाची, ऑफिसातली अडलेली कामं स्थानिक माणसांच्या मदतीने सुटतात. आणि फिरायला, मजा करायला साथ मिळते ती बहुतेक इतर परदेशी मुलांची, कारण त्यांचीही सगळी ओळखपाळख मागे राहिलेली असते. माझा अनुभव अगदी हाच आहे. यातलं एक वर्तुळ तोडून टाक असं सांगण्यात काय अर्थ आहे? पहिल्या आठवड्यात आपल्या भाषेत बोलणारं एक माणूस भेटलं तर जीव भांड्यात पडतो, आणि जीव थाऱ्यावर असलेलं मूलच दुसऱ्या दिवशी अनोळखी माणसाशी बोलायला जातं. फक्त तिथेच थांबू नये एवढंच.

स्थानिक मित्र का मिळत नाहीत हेही समजून घ्यायला हवं. तिथल्या मुलांचे ग्रुप शाळेपासूनचे असतात, त्यांच्या दृष्टीने एक्सचेंजवाला पाच महिन्यांत जाणारच आहे, त्यात त्यांचा उद्धटपणा नसतो. त्यामुळे पार्टीत, ओरिएंटेशनच्या गर्दीत झालेली ओळख टिकत नाही, दुसऱ्या दिवशी कोणी कोणाला ओळखत नाही. टिकते ती ओळख जिथे दर आठवड्याला तीच माणसं त्याच वेळी भेटतात तिथली. युनिव्हर्सिटीचा कॉयर म्हणजे समूहगानाचा ग्रुप असो, बॅडमिंटनचा ग्रुप असो, भाषेचा संध्याकाळचा क्लास असो, काहीतरी एक धरा आणि कंटाळा आला तरी जात राहा. मी गाण्यातली फार नाही पण कॉयरला जायला लागले, पहिले काही आठवडे कोणी नीट बोललंही नाही, एकदा तापामुळे गेले नाही तर पुढच्या वेळी बाजूला उभी राहणारी मुलगी म्हणाली तू मागच्या मंगळवारी नव्हतीस, आणि तिने माझ्यासाठी स्वरलिपीच्या कागदांची जास्तीची कॉपी ठेवली होती, त्यावर पेन्सिलने श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा केलेल्या. त्या दिवसापासून मला ते शहर परकं वाटलं नाही. आपण नव्हतो हे कोणाच्या तरी लक्षात येणं, याहून जास्त काय हवं असतं.

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना मदत करायची ही कल्पना काही नवी नाही. इरास्मस स्टुडंट नेटवर्क ही संघटना १९८९-९० च्या सुमारास याच विचारातून उभी राहिली आणि आज युरोपातल्या शेकडो विद्यापीठांत तिच्या शाखा आहेत, नवीन आलेल्याला बडी, म्हणजे सोबतीला तिथलाच एक विद्यार्थी, नेमून देतात. बडी मिळत असेल तर फॉर्म भरायला लाजू नका. आणि ओरिएंटेशनचा आठवडा कितीही कंटाळवाणा वाटला तरी चुकवू नका, तिथेच इन्शुरन्सपासून प्रिंटर कसा वापरायचा इथपर्यंत सगळं सांगतात, नंतर तेच एकट्याने शोधायला महिना लागतो.

एकटेपणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण पालक इथेच घाबरतात. कल्चर शॉक हा शब्द ज्यांच्यामुळे सगळीकडे पोचला ते मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग, त्यांनी १९५४ मध्ये रिओ दि जानेरोत एका महिला क्लबपुढे भाषण केलं होतं आणि १९६० मध्ये ते लेख म्हणून छापून आलं. त्यांचं म्हणणं असं की रोजच्या वागण्यातल्या ज्या शेकडो बारीक खुणा आपल्या अंगवळणी पडलेल्या असतात, कधी हात मिळवायचा, कोणाचं बोलणं मनापासूनचं समजायचं आणि कोणाचं नुसतं सौजन्य, त्या एकदम निरुपयोगी होतात आणि माणूस अस्वस्थ होतो. १९५५ साली नॉर्वेच्या लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट स्कॉलर्सचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या स्कॉलरशिपवर गेलेल्यांचा, अभ्यास करून यू आकाराचा आलेख मांडला, सुरुवातीला बरं, मध्ये खाली, नंतर पुन्हा वर. त्यावरून सगळीकडे सांगितलं जातं की सुरुवातीचे दिवस हनिमूनचे असतात. पण १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा पोचल्यापासून पाठपुरावा केला तेव्हा उलटं दिसलं, सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीला होता आणि नंतर तो कमी होत गेला.

मी बघितलेल्या मुलांवरून मला वॉर्ड यांचंच पटतं. सगळे इन्स्टावर फोटो टाकतात म्हणून आपल्याला वाटतं की मजेत आहेत, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रात्री झोप न लागणं, वर्गात दोन वाक्यं बोलायची हिंमत न होणं, उगाच रडू येणं हे भल्याभल्यांना होतं. हे आधी सांगितलेलं असेल तर मूल म्हणतं ठीक आहे, हे सगळ्यांना होतं, जाईल. सांगितलेलं नसेल तर ते म्हणतं माझंच काहीतरी बिघडलंय, मी इथे यायच्या लायकीचाच नव्हतो. फरक एवढा मोठा आहे, म्हणून निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये बाकी काही नाही सांगितलं तरी हे सांगा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्तरेकडच्या देशांत जाणाऱ्यांना आणखी एक सांगा, तिथे डिसेंबरात दिवस फारच छोटा होतो, स्टॉकहोमला जेमतेम सहा तासांचा उजेड असतो आणि त्याचा मनावर परिणाम होतो, तेव्हा दुपारचा जो काही उजेड आहे त्यात रोज बाहेर पडायचं, अभ्यास अंधार पडल्यावर करा. दोन आठवडे होऊनही जेवण-झोप सुधारत नसेल, वर्गात जावंसंच वाटत नसेल तर युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलरकडे जा, बऱ्याच ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि बोललेलं बाहेर जात नाही.

पालकांना सांगायचं ते प्रेमानेच सांगते. फोन करा, पण दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवू नका. मूल शरीराने तिकडे आणि मनाने घरी असं लोंबकळत राहिलं तर ते कुठेच रुळत नाही. दिवसाची एक वेळ ठरवा, आणि फोनवर जेवलास का, थंडी आहे का यासोबत आज कोणाशी बोललास हेही विचारा.

दवाखान्याचं राहिलं. ट्रॅव्हल इन्शुरन्स आणि विद्यार्थ्याचा हेल्थ इन्शुरन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, स्वस्त पडतो म्हणून पहिला घेऊन जाऊ नका, कित्येक ठिकाणी त्यावर प्रवेशही पक्का होत नाही. बरं असतानाच जवळचा डॉक्टर कोण ते शोधून ठेवा. युरोपियन युनियनमध्ये कुठेही इमर्जन्सीला ११२, जपानमध्ये अँब्युलन्सला ११९ आणि पोलिसांना ११०, जर्मनीत जिवावरचं नाही पण रात्री डॉक्टर हवाय तर ११६११७. हे फोनमध्ये सेव्ह करून ठेवाच, आणि आपला पत्ता त्या भाषेत मोठ्याने सांगता येतो का ते एकदा करून बघा, कारण ताप चढलेला असताना गल्लीचं नाव जिभेवर येत नाही.

फिरण्याबद्दल माझं मत काहींना आवडणार नाही. शेंगेनमधल्या, म्हणजे एकमेकांत सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, एका देशाचा लाँग स्टे व्हिसा असला की बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, त्यामुळे मुलं प्रत्येक वीकेंडला नवीन शहर असा बेत करूनच जातात. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली संधी आहे, जावं की. पण पहिला दीड महिना शनिवार-रविवार आपल्याच शहरात काढा. शनिवारीच तिथली माणसं मोकळी असतात, तेव्हाच कोणी घरी बोलावतं, सायकलवरून नदीकाठी चल म्हणतं, आणि तुम्ही दर शनिवारी स्टेशनवर असाल तर दोन वेळा विचारून तिसऱ्यांदा कोणी विचारणार नाही. ज्या शहरात राहायला म्हणून एवढे कागद केले तेच बघायचं राहून जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि निघतानाही रहिवाशासारखंच निघायचं. जर्मनीत पत्त्याची नोंद रद्द करून जावं लागतं, बाकी देशांतही फोन, इन्शुरन्स, खातं हे सगळं रीतसर बंद करावं लागतं नाहीतर बिलं चालू राहतात. खोलीत शिरताना फोटो काढून ठेवले असतील तर डिपॉझिट परत मिळवायला सोपं जातं. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मार्कांचा कागद, कधी आणि कोणाकडून येणार ते विचारूनच निघा.

हे सगळं दुसऱ्या बाजूनेही लागू आहे. आपल्याकडेही परदेशातून एक्सचेंजवर मुलं येतात, १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना १४ दिवसांत एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी ऑफिसकडे नोंदणी करावी लागते, आणि त्यांना जागा देणाऱ्याने २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची असते. या एका फॉर्मच्या धास्तीने कितीतरी घरमालक परदेशी विद्यार्थ्याला सरळ नाही म्हणतात. फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही, घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगितलं तरी तो भरून देईल. आपली मुलं तिकडे दारोदार फिरतात तेव्हा आपल्याला जे वाटतं तेच त्यांच्या आईवडिलांना वाटत असणार.

शेवटी दोन मागण्या. कॉलेजांनी परत आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून, क्रेडिट ट्रान्सफरचा फॉर्म घेताना, चार पानं लिहून घ्यावीत, फक्त घर, ऑफिसं, विषय आणि माणसं एवढ्यावर, आणि ती पुढच्या वर्षी त्याच शहरात जाणाऱ्याच्या हातात द्यावीत. फोटो आणि भाषणांचा सत्कार समारंभ नाही केला तरी चालेल. आणि आपल्या पेपरने वर्षातून दोनदा, मुलं निघायच्या महिनाभर आधी, पोचल्यानंतरच्या पहिल्या महिन्यावर एक पान द्यावं, आणि ते तज्ज्ञांऐवजी नुकत्याच परत आलेल्या मुलांकडून लिहून घ्यावं. ज्या कॉलेजांत अशी चार पानं घ्यायची पद्धत आधीपासून आहे त्यांनी ती कशी चालते ते आपल्याकडे लिहून पाठवावं म्हणजे बाकीच्यांना येत्या सेमिस्टरपासूनच सुरुवात करता येईल.

आपली नम्र,
एक वाचक आणि माजी एक्सचेंज विद्यार्थिनी